हाताला पेलेल असा ग्लायडर

मागच्या अंकात कामशेतच्या डोंगरांवरच्या पॅराग्लायडिंगबद्दल लिहिलं आणि पत्रं यायला लागली. बहुतेकांचा प्रश्न एकच आहे: कोर्स झाला, आता स्वतःचा ग्लायडर घ्यायचा आहे, तर कोणता घेऊ? मी लग्न होऊन मावळात आले ती इथलीच झाले, आणि गेली सोळा वर्षं इथल्या टेकड्यांवर शिकवते आहे. या एका प्रश्नाचं उत्तर चुकलं की काय होतं ते मी स्वतःच्या अंगावर भोगलं आहे. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच देते.

ताई, मी ३१ वर्षांचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. डिसेंबरात कामशेतला पी-टू, म्हणजे नवशिक्या पायलटचा कोर्स, पूर्ण केला. आतापर्यंत १४ तास उडालो, सगळे शाळेच्या ए वर्गाच्या ग्लायडरवर. माझा मित्र कॅनडाला चालला आहे आणि त्याचा ‘हाय बी’ ग्लायडर मला निम्म्या किमतीत देतो आहे. वजनाची मर्यादा ८५ ते १०५ किलो, माझं वजन ७४. तो म्हणतो, ए वर्गाचा घेतलास तर सहा महिन्यांत कंटाळशील आणि पुन्हा पैसे घालशील. घेऊ का? — एक वाचक, पुणे

नका घेऊ. मित्र चांगल्या मनाने देतो आहे याबद्दल शंका नाही, पण तो ग्लायडर त्याच्या हातांसाठी होता.

ही अक्षरं येतात कुठून ते आधी सांगते, कारण हाय बी म्हणजे एकच पायरी वर, असं तुम्हाला वाटत असणार. युरोपात ईएन ९२६ नावाचं मानक आहे. त्याच्या पहिल्या भागात कापडाची आणि दोऱ्यांची ताकद तपासतात, दुसऱ्या भागात ग्लायडर उडवून बघतात. चाचणी घेणारे पायलट तो एखाद्या तळ्यावर शांत हवेत नेतात आणि मुद्दाम बिघडवतात. एक बाजू दुमडतात, पुढची कड अख्खी पाडतात, स्टॉल करतात म्हणजे वेग मारून त्याचं उडणंच थांबवतात, स्पायरलमध्ये म्हणजे गोल गोल खाली जाणाऱ्या गिरकीत घालून सोडून देतात. असे वीसहून जास्त प्रकार, किमान वजनावर एकदा आणि कमाल वजनावर एकदा. प्रत्येक प्रकाराला ए ते डी असा शेरा मिळतो आणि त्यातला सगळ्यांत वाईट शेरा हाच त्या ग्लायडरचा वर्ग ठरतो. बाकी सगळीकडे ए आणि एकाच ठिकाणी सी, तरी तो ग्लायडर सी.

शेरा देतात कसा? पंखाची एक बाजू दुमडली की ग्लायडर त्या बाजूला वळायला लागतो. पायलटने काही न करता, पंख पुन्हा उघडेपर्यंत तो ९० अंशांच्या आत वळला तर ए. १८० पर्यंत गेला तर बी. त्याच्यापुढे, ३६० पर्यंत, सी. कागदावर हे आकडे निरुपद्रवी दिसतात. आता आपण धारेवर कसे उडतो ते आठवा: डोंगराला समांतर, कधी कधी वीस-पंचवीस मीटरवरून. डोंगराकडची बाजू दुमडली आणि ग्लायडर ९० अंश वळला की तुमचं तोंड सरळ कड्याकडे. १८० वळायला तिथे जागाच नसते.

आणखी एक गोष्ट. ‘लो बी’ आणि ‘हाय बी’ हे शब्द मानकात कुठेही नाहीत, ते बाजारात तयार झाले आणि आपल्या तोंडी बसले. बी वर्ग इतका रुंद आहे की त्याच्या एका टोकाला ए वर्गाच्या सख्ख्या भावासारखे ग्लायडर आहेत आणि दुसऱ्या टोकाला सी वर्गाला टेकलेले. ओझोनचं उदाहरण घ्या. मोजो ए वर्गात, बझ आणि रश दोन्ही बी वर्गात, डेल्टा सी वर्गात. पण बझवर बसलेला पायलट रशवर बसला की पहिल्याच थर्मलमध्ये, म्हणजे तापून वर चढणाऱ्या हवेत, त्याला कळतं की हे प्रकरण वेगळं आहे. वर चढावं तसा पंख लांब आणि चिंचोळा होत जातो. लांब पंख सरळ उडताना छान तरंगतो, पण दुमडला की त्याचं टोक दोऱ्यांत अडकायची शक्यता जास्त, आणि सावरताना तो जास्त जोरात पुढे झेपावतो.

आता माझी गोष्ट सांगते.

२००९ चा मार्च. माझे जेमतेम ४५ तास झाले होते आणि एका ज्येष्ठ पायलटकडून मी सी वर्गाचा ग्लायडर घेतला. ‘तू छान उडतेस, तुला हा शोभेल,’ असं ते म्हणाले होते आणि मला ते फार आवडलं होतं. पहिली आठ उड्डाणं खरंच छान झाली. नुसतं अंग कलतं केलं की वळायचा, थर्मलच्या कडेला लागला की बोट धरून आत न्यावं तसा ओढायचा. नववं उड्डाण दुपारी दीडला होतं. खाली भाताची खाचरं कोरडी, तापून भेगाळलेली. मी धारेपासून फार तर चाळीस मीटर वर असेन. एकाएकी उजव्या रायझरवरचा, म्हणजे दोऱ्या हार्नेसला जोडणाऱ्या पट्ट्यावरचा, ताण गेला. बैलगाडीचं एक चाक बांधावरून घसरावं तशी हार्नेसची, माझ्या बसायच्या खोगिराची, उजवी बाजू खाली बसली. पाठोपाठ आवाज आला, ओलं लुगडं जोरात झटकल्यासारखा, आणि मग नुसती फडफड. मी वर बघितलं. पंखाचा उजवा अर्धा भाग नव्हताच. लोंबणारं कापड होतं.

काय करायचं ते मला तोंडपाठ होतं. उघड्या बाजूला वजन टाक, थोडा ब्रेक लावून दिशा धर, डोंगरापासून लांब जा, मग बंद बाजू पंप कर. परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क होते. पण हातांनी काय केलं? डावा ब्रेक पार कमरेपर्यंत ओढला. शाळेच्या ग्लायडरने तेवढं सहन केलं असतं. कमाल वजन ८० ते १०० किलोंच्या गटात ए वर्गाच्या ग्लायडरचा ब्रेक स्टॉलपर्यंत ६० सेंटिमीटरहून जास्त खाली यावा लागतो. सी वर्गाचा ४५ लाही संपू शकतो. माझी जी बाजू धडधाकट उडत होती ती मीच मारली. ग्लायडर मागे पडला, गर्रकन फिरला आणि मी करवंदीच्या जाळीत आदळले, उजवी टाच दगडावर. टाचेचं हाड तीन ठिकाणी मोडलं. आजही थंडीत जिना उतरताना मला कठड्याला धरावं लागतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मी काठी घेऊन लँडिंगच्या मैदानात रेडिओवर बसले होते. वर एक विद्यार्थी, ए वर्गाच्या ग्लायडरवर, जवळजवळ त्याच जागी. माझ्या डोळ्यांदेखत त्याचा पंख एका बाजूने दुमडला, माझा दुमडला होता तेवढाच. ग्लायडर थोडासा वळला, फट् आवाज करून उघडला आणि पुढे निघाला. मी बटण दाबायच्या आत रेडिओवर त्याचाच आवाज आला, ‘ताई, आत्ता काही झालं का?’ त्याने वर बघितलंच नव्हतं. मी तिथे खुर्चीत बसून रडले.

तेव्हा कौशल्य म्हणजे काय? थर्मलमध्ये किती वर जाता येतं, किती किलोमीटर कापता येतात, यावरून ते कळत नाही. पंख दुमडल्यावर पहिल्या दोन सेकंदांत, डोक्याला विचारायच्या आधी, तुमचे हात काय करतात ते बघा. १४ तासांत ते हात तयार होत नाहीत. ४५ तासांत माझे झाले नव्हते. आणि एक लक्षात ठेवा: चाचणी घेणारा पायलट स्वतः पंख दुमडतो, तो क्षण त्याला ठाऊक असतो, खाली पाणी असतं. मार्चच्या दुपारी आपल्याला कुणी आधी सांगत नाही.

आता वजन. मर्यादेचा आकडा तुमच्या अंगाचा नसतो, टेकऑफला जे जे हवेत उचललं जातं त्या सगळ्याचा असतो. ग्लायडर ५ किलो धरा, हार्नेस आणि रिझर्व्ह (अडचणीत उघडायचं जादा पॅराशूट) मिळून ७, हेल्मेट, बूट, जॅकेट, व्हेरिओ (चढ-उतार दाखवणारं यंत्र), रेडिओ, पाणी असं आणखी ४-५. तुमचे ७४ मिळवले की ९१ च्या आसपास. ८५ ते १०५ चा मध्य ९५, म्हणजे तुम्ही मध्याच्या खाली पडता. बसता मर्यादेतच, पण हलके. दुपारच्या खळबळीच्या हवेत हलका भार असलेला पंख ढिला राहतो आणि लवकर दुमडतो. ८० ते १०० असा किंवा त्याच्या जवळपासचा आकार बघा, ए वर्गातला.

राहिला कंटाळा. ए वर्गाच्या ग्लायडरवर शंभर किलोमीटरच्या पुढे उडालेले पायलट जगात आहेत. मावळात तुम्हाला पहिलं वर्ष जे शिकायचं आहे, वाऱ्याची धार ओळखणं, पाच जण हवेत असताना वळण घेणं, तापलेल्या खाचरावरून उठणारा बुडबुडा पकडणं, त्यातल्या एकाही गोष्टीत तो ग्लायडर तुम्हाला मागे ठेवणार नाही. पैशांचंही बोलते. नीट वापरलेला ए वर्गाचा ग्लायडर विकायला काढलात तर घ्यायला नवे विद्यार्थी कायम असतात.

मॅडम, माझी मुलगी २२ वर्षांची आहे, वजन ४६ किलो. ती पॅराग्लायडिंग शिकली. विकणारे सांगतात की लहान आकार सध्या नाही, ७० ते ९० किलोंचा घ्या, वजन कमी असलं की उलट जास्त वेळ हवेत राहता येतं. मला यातलं काही कळत नाही, पण मन मानत नाही. — एक आई, नाशिक

तुमचं मन बरोबर सांगतं आहे. मुलीला माझा निरोप द्या, की लहान आकार मिळेपर्यंत थांब.

हलकं असलं की तरंगायला सोपं, हे अर्धंच खरं आहे आणि म्हणूनच ते गळी उतरतं. हलका पायलट खाली सावकाश येतो, बरोबर. पण तो पुढेही सावकाश जातो. हिशोब बघा. तिचं सामान हलकं घेतलं तरी १३-१४ किलो होणार, म्हणजे एकूण साठच्या घरात. ७० ते ९० चा मध्य ८०. समजा ८० किलोंवर तो ग्लायडर ताशी ३६ किलोमीटर वेगाने जातो. वजन पाऊणपट झालं की वेग त्या पटीने नाही, वर्गमुळाच्या पटीने उतरतो. म्हणजे ३१ च्या आसपास. आता उन्हाळ्यात मावळात चार वाजता पश्चिमेचा वारा वाढतो. टेकऑफला २० असलेला वारा धारेच्या वर २८-३० भरायला वेळ लागत नाही. बाकीचे पायलट हळूहळू का होईना पुढे सरकत असतील आणि तुमची मुलगी जागच्या जागी उभी असेल. वारा आणखी थोडा वाढला तर ती मागे जाईल, टेकडीच्या पाठीमागे, जिथे हवा खाली कोसळते आणि घुसळते. पायलटला सगळ्यांत जास्त भीती असायला हवी ती त्या जागेची.

शिवाय चाचणी झाली ती ७० आणि ९० किलोंवर. ६० वर तो पंख कसा वागतो हे कुणी तपासलेलंच नाही. लेबलवरचं ए हे अक्षर तिच्यासाठी लागूच होत नाही.

साठ किलोंच्या आसपासचे आकार बनतात. ५५ ते ७० किंवा थोडं इकडेतिकडे. इथे दुकानात पडून नसतात, मागवावे लागतात, दोन-तीन महिने जातात. जाऊ देत. तोवर तिला शाळेत जाऊन लहान पंखावर ग्राउंड हँडलिंग करू दे. जमिनीवर उभं राहून, वाऱ्यात पंख डोक्यावर धरून ठेवायचा. सुरुवातीला दंड भरून येतात, गुडघे फुटतात, आणि मग एक दिवस वर न बघता कळायला लागतं की डावं टोक आता पडणार आहे. मी शिकवलेल्या मुलींत ज्या सगळ्यांत सुरेख उडतात, त्यांतल्या दोघींनी पहिला अख्खा हंगाम मैदानातच काढला होता.

कुणी म्हणेल, पाठीवर पाण्याच्या पिशव्या बांधून वजन वाढवा. चार-पाच किलो चालतात, अनुभवी हलके पायलट तसं करतात. दहा-बारा किलो बांधून ४६ किलोंच्या मुलीने टेकऑफला धावायचं आणि लँडिंगला तो भार गुडघ्यांवर घ्यायचा, हे मला मान्य नाही.

वापरलेला ग्लायडर घेताना काय काय बघावं? — एक वाचक, सातारा

आधी कागद. शेवटची तपासणी कधी झाली आणि अहवाल कुठे आहे? वर्षातून एकदा किंवा शंभर तासांनी तपासणी व्हायला हवी. अहवाल नसेल तर आधी तपासणी, मग पैसे.

स्वतः बघायचं ते भर उन्हात, मैदानात पसरून. वरच्या बाजूचं कापड, त्यातही पुढच्या कडेजवळचं आणि मधलं, आधी मरतं, कारण ऊन तिथे जास्त लागतं. मधल्या भागातलं कापड चिमटीत धरून चोळा. जिवंत कापड नव्या कागदासारखं कुरकुरतं, मेलेलं मलमलीसारखं गप्प बसतं. ही फक्त पहिली पारख. खरी पारख हवा किती झिरपते त्याची, ती यंत्रावर मोजतात: ठरावीक हवा कापडातून जायला किती सेकंद लागतात ते. नव्या कापडाचा आकडा शेकड्यांत असतो, दहा-पंधरा सेकंदांवर आलेल्या पंखाकडे वळूनही बघू नका. कापड फाटायला किती जोर लागतो तेही सुईच्या साधनाने बघतात.

मग दोऱ्या. एकेक दोरी रायझरपासून पंखापर्यंत दोन बोटांच्या चिमटीतून सरकवत न्या. डोळ्यांनी नाही, बोटांनी. जिथे वरचं आवरण फुगलेलं किंवा आत पोकळ लागेल तिथे थांबा. सगळ्यात महत्त्वाचं, दोऱ्यांची लांबी. पुढच्या दोऱ्यांवर भार जास्त, त्या वापराने ताणतात. मागच्या दोऱ्यांवर भार कमी, त्या आखडतात, विशेषतः डायनिमा नावाच्या धाग्याच्या असतील तर. एकेका दोरीत फरक एक-दोन सेंटिमीटरचाच असतो, पण त्यामुळे अख्ख्या पंखाची मागची कड खाली ओढलेली राहते, म्हणजे सतत थोडा ब्रेक लावल्यासारखं. ग्लायडर मंद होतो, टेकऑफला डोक्यावर यायला आळस करतो. असा पंख वर्गाने ए असला तरी ए सारखा वागत नाही.

पुढच्या कडेत शिवलेल्या प्लॅस्टिकच्या काड्या वाकलेल्या नाहीत ना ते हाताने चाचपा. पंखाच्या आतल्या कप्प्यांत वाळू सापडली तर विचारा की कुठल्या किनाऱ्यावर वापरला. वाळू आणि खारं पाणी कापडाला आणि शिवणीला आतून खातात. आणि मालकाला विचारा, पंख गाडीच्या डिकीत ठेवायचास का? मे महिन्यात बंद डिकीत महिनाभर राहिलेला ग्लायडर तासांनी तरुण असेल, वयाने नसतो.

मी चार वर्षं लो बी ग्लायडरवर उडतो. एकूण १२० तास. ऑक्टोबरात पहिल्यांदा बीरला जाणार आहे. तिथे शंभर किलोमीटर करायची इच्छा आहे, म्हणून सी वर्गाचा नवा ग्लायडर मागवावा म्हणतो. सप्टेंबरात हातात येईल. — एक वाचक, पनवेल

तुमच्या पत्रात ‘पहिल्यांदा’ आणि ‘नवा’ हे दोन शब्द एकाच वाक्याच्या अंतरात आले आहेत, आणि मला तीच काळजी वाटते. बीर नवं असेल तर ग्लायडर जुना असू दे.

आपले इथले डोंगर आणि हिमाचलातलं बीर यांची तुलना होत नाही. तिथला टेकऑफ बिलिंगला, सुमारे २४०० मीटरवर आहे, बीरचं लँडिंग त्याच्या जवळजवळ एक किलोमीटर खाली. मागे धौलाधारची उंच डोंगररांग. चांगल्या दिवशी लोक साडेतीन-चार हजार मीटरपर्यंत चढतात. २०१५ साली तिथे पॅराग्लायडिंगचा विश्वचषक झाला, तो उगाच नाही. त्या जागेसारखी जागा देशात दुसरी नाही. पण ऑक्टोबरात तिथे एकाच थर्मलमध्ये तीस-चाळीस पंख फिरत असतात, प्रवासी घेऊन उडणारे टँडेमवाले वेगळेच. वर हात गारठतात, हवा विरळ असल्याने सगळं थोडं जास्त वेगाने होतं. दुपारी दरीचा वारा बदलतो. शिवाय धारेवरून मागच्या उंच डोंगरांत शिरायचा मोह होतो, आणि तिथे उतरायला जागा नाही. हे सगळं एकदम सांभाळताना तुमचं लक्ष पंखाकडे जाता कामा नये. जो पंख चार वर्षं तुमच्या हाताखाली आहे त्याच्याकडे ते जाणारही नाही.

१२० तास चार वर्षांत, म्हणजे वर्षाला तीस. गेल्या बारा महिन्यांत किती, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी पहिल्यांदा तेच विचारते. पावसाळ्यात आपण जून ते सप्टेंबर जमिनीवर असतो, हात गंजतात. सी वर्गाचा पंख हातात घेऊन पहिलं उड्डाण ऑक्टोबरात बिलिंगवरून करायचं, हे तुम्ही स्वतः दुसऱ्या कुणाला करू दिलं असतं का?

सी वर्गाकडे कधी जायचं ते मी माझ्या विद्यार्थ्यांना असं सांगते. वर्षाला किमान ५० तास होत असतील, आणि तेही थर्मलमधले. एसआयव्ही कोर्स झाला असेल, म्हणजे पाण्यावर, बोटीत शिक्षक असताना, पंख मुद्दाम दुमडून आणि स्टॉल करून सावरणं. त्यासाठी लोक नेपाळात पोखऱ्याच्या फेवा तलावावर किंवा तुर्कस्तानात ओलुडेनिझला जातात. खर्च होतो, पण सी वर्गाच्या ग्लायडरपेक्षा कमीच. आणि तिसरं, आत्ताच्या ग्लायडरवर स्पीड बार (वेग वाढवायची पायाखालची दांडी) पूर्ण दाबून खळबळीत उडताना तो दुमडायच्या आधी तुम्ही बहुतेक वेळा पकडता, हे तुम्हाला आणि तुमच्याबरोबर उडणाऱ्यांना ठाऊक असेल. आजकाल सी वर्गात दोऱ्यांच्या दोनच ओळी असलेले ग्लायडरही आले आहेत. ते वेगात घट्ट असतात, पण त्यांना सावरायची पद्धत वेगळी शिकावी लागते. बी वरून सरळ त्यांच्यावर उडी नको.

अव्वल पायलटांनाही हा हिशोब टळत नाही. २०११ मध्ये स्पेनमधल्या पिएद्राइटाला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा चालू असताना दोन पायलट गेले. स्पर्धा तिथेच थांबवली. तोपर्यंत स्पर्धेत चाचणी न झालेले ग्लायडर चालत. त्यानंतर ते बंद झाले आणि पुढे स्पर्धेच्या पंखांसाठी वेगळा वर्ग आला. जगातले निवडक हात होते ते.

शंभर किलोमीटर बी वर्गाच्या पंखावर होतात, असंख्य लोकांनी केले आहेत. बीरमध्ये पहिले तीन दिवस फक्त टेकऑफजवळच्या धारेवर उडा, स्थानिक पायलट कधी निघतात आणि कधी परत फिरतात ते बघा. धरमशालेच्या दिशेने जाऊन परत आलात तर मला नक्की कळवा, कोणत्या पंखावर गेलात तेही लिहा.

ताई, माझं वय ५८. २००४-०५ मध्ये मी कामशेतला शिकलो होतो, साधारण ६० तास उडालो. मग नोकरी, मुलांची शिक्षणं, सगळं राहिलं. आता निवृत्त झालो. माळ्यावर माझा जुना ग्लायडर तसाच आहे, डीएचव्ही १-२. उघडून बघितला, एकही भोक नाही, रंगही फिटलेला नाही. त्याच्यावरच पुन्हा सुरू करावं असं फार वाटतं. — एक वाचक, डोंबिवली

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पुन्हा या, नक्की या. पण त्या ग्लायडरवर नको.

डीएचव्ही ही जर्मनीतली जुनी वर्गवारी. १-२ म्हणजे आजच्या बी वर्गाच्या आसपास, असं ढोबळमानाने म्हणतात. पण तो शेरा २००४ सालच्या कापडाला आणि तेव्हाच्या दोऱ्यांना मिळाला होता. भोक नसणं पुरेसं नाही. कापडावरचा लेप वीस वर्षांत डोंबिवलीच्या दमट हवेत माळ्यावर आपोआप सुटत जातो, न उडवताही. मग हवा कापडातून झिरपते. असा पंख वर बघितला तर पूर्ण उघडलेला दिसतो, पण पुढे जाणं सोडून सरळ खाली यायला लागतो, छत्रीसारखा. ब्रेक सोडले तरी पुन्हा उडायला लागत नाही. जमिनीजवळ तसं झालं तर काही करायला उंची उरत नाही. हार्नेसमधला रिझर्व्हही त्याच वयाचा असणार, तोही वापरायचा नाही.

तुमच्या साठ तासांचं काय? वाऱ्याची समज राहते, ती तुम्हाला टेकडीवर उभं राहिल्यावर पाच मिनिटांत परत येईल. हात मात्र पहिल्यापासून शिकवावे लागतील, आणि वयानुसार हाडंही पूर्वीसारखी भरून येत नाहीत, हे मी माझ्या टाचेवरून सांगते. म्हणून ए वर्गाचा पंख घ्या, आजचा. २००५ च्या तुमच्या १-२ पेक्षा आजचा ए वर्गाचा ग्लायडर मला सुरक्षित तर वाटतोच, शिवाय तो जास्त लांब तरंगतो. वीस वर्षांत शिवणकाम आणि आकार इतके पुढे गेले आहेत. लगेच विकत घेऊ नका. आधी आठवडाभर शाळेच्या पंखांवर उडा, दोन आकार बघा, मग ठरवा.

जुना पंख फेकू नका. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की तो घेऊन मैदानात या. सकाळी सातला वारा मंद असतो, गवतावर दव असतं, ते उतरलं की आपण तो उघडू. जमिनीवर, पाय मातीत ठेवून, डोक्यावर धरायला तो अजून चालेल. येताना जुनं लॉगबुकही आणा. त्या काळच्या धारांवरच्या नोंदी मला वाचायच्या आहेत.